कारवानी, ससा आणि रान: लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्या घरात आज्जापासून कारवानी जातीची शिकारी कुत्री आहेत. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतच्या बाजूला, जिथं पूर्वी नजर जाईल तिथवर माळच माळ होता. मी कुत्र्यांचे व्हिडीओ टाकतो त्यामुळं रोज कोण ना कोण तेच तेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कुणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी हे सांगा, कुत्र्यानं ससा धरलेला चालतो का?

नाही चालत. रानातला ससा वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, कायदा १९७२ चा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचं लायसन वगैरे भानगडच संपली. लोकांना वाटतं मारला तरच गुन्हा, पण कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचा, त्यात कुत्रं मागं सोडून पळवणं, हाकणं, फास लावणं हे सगळं आहे आणि नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दंडाची मर्यादा २०२२ ला २५ हजारावरून १ लाखावर नेलीय. "आमच्याच रानातला ससा आहे" हे कारण कुठंही चालत नाही.

मग ससा न् कुत्र्याचं रान ह्यावर एवढं लिहिताय कशाला?

कारण कारवानी कुत्रं म्हणजे ह्या रानानंच घडवलेलं जनावर आहे. ती लांब पाठ, आत गेलेलं पोट, खोल छाती, अंगावर चरबी नाही, हे सगळं माळावर सशामागं आणि काळविटामागं पळून पळून झालंय. आता ससा धरायचा नाही ते बरोबरच आहे, पण कुत्र्याच्या डोक्यातला ससा कायद्यानं निघत नाही ना. दावं सुटलं आणि पुढून ससा उठला की ते जाणारच, आणि त्या दोन मिनिटांत त्याचा पाय मोडणार का ते नीट परत येणार हे खालची जमीन ठरवती. मी आत्तापर्यंत जेवढी कुत्री लंगडी झालेली बघितली त्यातल्या बहुतेकांचं कारण जमीन होतं, कुत्र्याचा वाण नाही.

ससा बिळात घुसतो ना, मग कुत्र्याला कसा सापडायचा?

हा घोळ भाषेचा आहे. मराठीत सगळ्याला आपण ससाच म्हणतो, पण पांढरा पाळीव ससा आणि माळावरचा ससा ही वेगळी जनावरं आहेत. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, ते बिळं करून राहतात, त्यांची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ खणतच नाही. तो गवतात नाहीतर तरवडाच्या बुडाला थोडी जागा दाबून दिवसभर तिथंच बसून असतो. पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे.

याचा अर्थ काय, तर आपल्या सशाला पळणं हाच एक उपाय. आधी तो दबून बसतो, कान पाठीवर टाकून, इतका की तुमचा पाय त्याच्यावर पडायची वेळ येते तरी हलत नाही, आणि मग एकदम पायातनं फटाका उडाल्यासारखा उठतो. रंग असा की मुरमाच्या माळावर तुम्ही त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहिला तरी दिसत नाही. मी एकदा मोबाईलवर बोलत बोलत बांधावर टेकलो, पाच मिनिटं झाली असतील, आणि चपलेजवळचा दगड उठून पळाला.

बिळातल्या सशाचं गणित उलटं असतं. इंग्लंडात ते बिळाच्या आसपासच चरतात, म्हणजे कुत्र्याला मैदान मिळतं तीस-चाळीस मीटरचं, फार तर थोडं जास्त. तिथं लांब पळणारं कुत्रं काय कामाचं, पहिल्या चार उड्यांत स्पीड घेणारं छोटं व्हिपेट पाहिजे. नाहीतर बिळाच्या तोंडांना जाळ्या लावून आत फेरेट सोडतात, ते आपल्या मुंगसासारखं दिसणारं लांबडं जनावर असतंय.

कारवानीसाठी खरं रान कुठलं?

कोरडा, उघडा, हलक्या गवताचा माळ. जरा चढउतार चालेल. खाली मुरूम पण दबलेला, सुटा नाही. मधे मधे तरवड, एखादी बोर, बस.

का, तर कारवानी नजरेचं कुत्रं आहे. ससा दिसतोय तोवर ते देव आहे, दिसायचा बंद झाला की आपल्या गावठी कुत्र्यापेक्षाही येडं. नाक असतं, नाही असं नाही, पण ते नाक खाली घालून माग काढत बसत नाही, मान वर करून उभं राहतं आणि तुमच्याकडं बघतं की कुठं गेला. म्हणून मोकळा माळ.

आज्जा सांगायचा की माळावर सुद्धा पहिला ससा उठला की निम्म्या वेळेस कुत्र्याला दिसायचाच नाही, कारण गुडघाभर कुसळीच्या गवतात कुत्र्याची नजर गवताच्याच लेव्हलला असते. मग कुत्रं पळता पळता उड्या मारून वर बघायचं. आमची बिजली पण करायची हे, ज्वारीच्या कडेनं जाताना मधेच चार पायांवर सरळ वर उडायची.

ससा कुत्र्यापेक्षा फास्ट असतो का?

सरळ रेषेत नाही. ग्रेहाऊंड ताशी ६० किलोमीटरच्या वर जातं, चांगलं कारवानी त्याच्या जरा मागं. ससा सरळ पळत राहिला तर सापडणार. पण ससा काय खुळा आहे का सरळ पळायला?

तो हूल देतो. कुत्रं अगदी शेपटीला लागलं, तोंड उघडलं, की ससा एका उडीत काटकोनात वळतो, आणि पंचवीस किलोचं कुत्रं त्याच स्पीडनं पुढं निघून जातं, दहा-पंधरा फूट घसरत, धुरळा काढत. ससा दोन-तीन किलोचा. वजन दहापट कमी म्हणजे वळायला जमिनीकडून लागणारी पकडही तेवढी कमी. बुलेट आणि सायकल एकाच वळणावर घेऊन बघा. वर त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, मागून येणारं कुत्रं त्याला मान न वळवता दिसतं. समोरचं मात्र नीट दिसत नाही, त्यामुळं पळता पळता ससा माणसाच्या पायावर येऊन आदळल्याचे किस्से खोटे नाहीत.

आता इथंच जमीन येते. प्रत्येक हुलीला कुत्र्याला ब्रेक मारायचाय आणि परत उचल घ्यायचीय. जमीन घट्ट आणि थोडी खरखरीत असली तर नखं रुततात, कुत्रं छोट्या गोलात वळतं. सुटा मुरूम असला तर पाय खालून निघून जातो. तीन-चार हुलींत कुत्र्याचा दम संपतो. हे जनावर मॅरेथॉनचं नाही, दोन-तीन मिनिटं पूर्ण जोर, मग जीभ जमिनीला.

चढावर कोण जिंकतं?

ससा, डोळे झाकून. मागचे पाय लांब, पुढचे आखूड, चढावर ते शरीर परफेक्ट बसतं. म्हणूनच ससा उठला की जवळ टेक असेल तर टेकाकडंच तोंड करतो. उतारावर तेच मागचे पाय त्याला पुढं लोटतात, तो सरळ खाली जात नाही, आडवा तिरका जातो. जुने लोक म्हणायचे "ससा वरनं खाली आणावा", त्याचं कारण हे.

पण उतारावर कुत्र्याचीही वाट लागते हे कुणी सांगत नाही. उतारावर पूर्ण स्पीडमधे सगळं वजन पुढच्या पायांवर, खांद्यावर येतं, त्यात मधे चर आला तर संपलं. आता डोंगरांच्या उतारावर पाणलोटाचे समतल चर खणलेत, फूट-दोन फूट खोल, वरून गवत वाढलेलं. ससा त्याच्यावरनं उडी मारतो नाहीतर त्यातच पडून आडवा निघून जातो, कुत्र्याला चर दिसतो तेव्हा ते हवेत असतं.

आमच्याकडं ७२ म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो. त्या दुष्काळात कामं निघाली, ताली घातल्या, नाले अडवले, बांध पडले, पाझर तलाव झाले. आणि कायदा पण त्याच वर्षीचा. आज्जा म्हणायचा एकाच वर्षात शिकार पण गेली आणि माळ पण गेला. म्हातारा ते दुःखानं म्हणायचा का सुटका झाल्यासारखं, मला अजून कळलं नाही.

काळ्या रानात काय होतं?

काळं रान हे कारवानीचं स्मशान समजा. पावसाळ्यात चिखल पंजाला धरतो, बोटांच्या मधे गोळे होतात आणि चारी पायांना बूट घातल्यासारखं कुत्रं जड होतं. ससा हलका, वरच्यावर निघून जातो.

नांगरट झाली की ढेकळं. ससा दोन ढेकळांच्या मधनं जातो, कुत्रं ढेकळांवरनं. आणि उन्हाळ्यात भेगा. मार्च-एप्रिलमधे काळं रान असं फाटतं की हात कोपरापर्यंत आत जातो. बिजली तीन वर्षांची होती तेव्हा हरभरा निघालेल्या रानात मी तिला मोकळी सोडली, चूक माझीच, दावं हातात होतं तरी सोडली कारण सकाळची वेळ, कोण नव्हतं. बांधाच्या कडंनं ससा उठला. ती गेली, मी ओरडतोय, कोण ऐकतंय. शंभर पावलांवर मला नुसता एक आवाज आला, वाळकी काडी मोडल्यासारखा, आणि ती कोलांटी खाऊन पडली. पुढचा डावा पंजा भेगेत गेला होता. ससा पुढं जाऊन थांबला, मागं वळून बघितलं, खरंच बघितलं त्यानं, आणि तुरीत निघून गेला. दीड महिना प्लास्टर, आणि बोट अजून वाकडं आहे.

उसात कुत्रं सोडलं तर?

उसात काय दिसणार त्याला, सरीतून पुढं फक्त पाचट. ससा उसात घुसला की विषय संपला. पाल्याच्या कडा डोळ्याला आणि कानाला चिरतात ते वेगळं.

टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांनी कृष्णेचं पाणी आमच्या दुष्काळी तालुक्यांत आलं, चांगलंच झालं, आम्ही पण लावलाय ऊस, द्राक्षं, डाळिंब. पण त्यामुळं झालं असं की माळाचे आता तुकडे झालेत. माळ, मग बाग, मग तार, मग ऊस. सशाला दोनशे पावलांत लपायला जागा मिळते आणि कुत्र्याला पळायला अख्खा माळ लागतो. जुन्नरच्या बाजूला उसात बिबटे राहतात आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं खाणं आहे, त्यामुळं तिकडच्या लोकांनी तर उसाच्या कडेला कुत्रं मोकळं सोडूच नये.

काटेरी तार, विहिरी वगैरेचं काय?

तार सगळ्यात वाईट. ससा खालच्या तारेखालून जातो, कुत्रं त्याच रेषेत मागं. छातीपासून मांडीपर्यंत सालपट निघालेलं कुत्रं मी बघितलंय, एकतीस टाके. चामडी पातळ असते ह्यांची, कागदासारखी फाटते. झटका मशीनच्या बारीक तारा तर पळताना दिसतच नाहीत. आणि कठडा नसलेल्या जुन्या विहिरी, त्यांच्याभोवती वेडी बाभळ वाढलेली असते, लांबून झुडूप वाटतं. डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवतात तिथं तर जाऊच नका, कणकेचा गोळा समजून कुत्रं तोंडात धरतं.

खडकाळ माळावर पाय फुटतात, सशाचे का फुटत नाहीत?

छान प्रश्न आहे. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी उघडी गादीच नसते, सगळीकडं दाट केस असतात. म्हणजे जन्मभर मोजे घातलेले. कुत्र्याची गादी उघडी, तापलेल्या खडकावर पूर्ण स्पीडनं वळलं की वरचा थर सोलून निघतो, विशेषतः शहरात फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचा. पुण्या-मुंबईचे लोक सुट्टीला गावाला येतात, कुत्रं गाडीतून उतरवतात आणि डायरेक्ट माळावर सोडतात, आणि संध्याकाळी मला फोटो पाठवतात. रोज थोडं थोडं मुरमावर चालवा, महिनाभरात गादी घट्ट होते.

खडकात अजून एक, फुरसं. दगडाखाली बसलेलं असतं. घोणस गवतात. कुत्रं पळून आलं आणि पाय किंवा थोबाड सुजत चाललं तर काटा शोधत बसू नका, डॉक्टर गाठा.

कुसळं आणि सराटे हे रोजचं. कुसळ बोटांच्या मधे घुसलं की ते आत आत सरकत जातं, बाहेर येत नाही, आठ दिवसांनी पू होतो. कान पण बघायचे.

दव असताना कुत्र्याला वास जास्त लागतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. थंड ओलसर जमिनीवर वास टिकतो, तापलेल्या कोरड्या जमिनीवरून लवकर उडतो. पण त्याचा फायदा नाकाच्या कुत्र्याला. कोकणात पूर्वी पारध व्हायची तेव्हा गावठी कुत्री आणि हाकारे जाळीतनं जनावर उठवायचे, तिथं नजर चालतच नाही, करवंदीच्या जाळीत कारवानी सोडलं तर ते पाच मिनिटांत रडत परत येईल. प्रत्येक रानाचं कुत्रं वेगळं असतं. कारवानीला दवाचा उपयोग एवढाच की अंग थंड राहतं. तोटा असा की ओल्या गवतावर पाय घसरतो.

परदेशात हे कसं चालायचं?

इंग्लंडात लँकेशायरमधे ग्रेट आल्टकार नावाचं गाव आहे, तिथं १८३६ पासून वॉटर्लू कप भरायचा, म्हणजे सशामागं कुत्री पळवायची स्पर्धा. जागा निवडलेली बघा, एकदम सपाट मोठी शेतं. एकावेळी दोन ग्रेहाऊंड सोडायचे, सशाला आधी पुढं जाऊ द्यायचं, आणि घोड्यावरचा पंच मार्क द्यायचा, ते ससा मारला म्हणून नाही तर कुणी किती वेळा वळवला यावर. म्हणजे त्यांना पण कळलं होतं की खरी परीक्षा वळणावर आहे. २००५ ला शेवटचा कप झाला आणि त्याच फेब्रुवारीत तिथला बंदीचा कायदा लागू झाला. गंमत म्हणजे त्या कायद्यात रानससा बंद, पण बिळातला ससा जमीनमालकाच्या परवानगीनं अजून चालतो, कारण तो तिथं पिकाची नासाडी करतो.

इंग्लंडचा ओला मऊ हिरवा गालिचा आणि आपला माळ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून विलायती ग्रेहाऊंड आणून आपल्या मुरमावर पळवणाऱ्यांना मी हात जोडतो. सरळ रेषेत ते कारवानीला मागं टाकेल, पण दुपारच्या उन्हात खडकावर त्याचे पाय किती दिवस टिकतात ते बघा.

यात्रेतल्या शर्यतीत पुढं ससा सोडतात, तो तर पाळीव असतो, मग?

मग प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा लागतो. करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून ठेवायचं नाही असं त्यात सरळ लिहिलंय. आणि खरं सांगू का, पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा मोकळ्या माळावर चार उड्या मारून बसून राहतो, त्याला पळायचं कुठं हेच कळत नाही. त्यात कुत्र्याची कसली परीक्षा? मी एकदा बघितलं, परत गेलो नाही.

मग कुत्र्याला पळवायचं कसं न् कुठं?

खोटा ससा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात लोकांनी ही पद्धत काढली, जमिनीवर पुल्या ठोकायच्या, त्यातनं दोरी न्यायची, दोरीला पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि मोटरनं ओढायचं. पुल्या अशा लावायच्या की वळणं येतील, सशाच्या हुलीसारखी. आम्ही जुनी मोटरसायकल उलटी करून तिच्या मागच्या चाकावर दोरी गुंडाळतो, जुगाड आहे पण चालतं. कुत्र्याला पिशवी आहे हे कळत नाही असं नाही, पण पळण्यात त्याला तेवढीच मजा येते.

जागा बघताना मी आदल्या दिवशी पूर्ण रेषा चालत जातो. अनवाणी. हसू नका, चपलेतनं खड्डा, सराटा, काच, बारीक भेग काही कळत नाही, पायाला सगळं कळतं. काटकोनातली वळणं नको, मोठा बाक ठेवा. वळणाच्या जागी सुटा मुरूम असेल तर ती जागाच बदला. हराळीचं पडीक रान मिळालं तर सोनं. उन्हाळ्यात आठच्या आत सगळं उरकायचं.

आणि नान्नज, मयूरेश्वर, रेहेकुरी असल्या अभयारण्यांच्या आसपास कुत्रं मोकळं सोडूच नका. तिथं चिंकारा, काळवीट, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, आणि कुत्र्याचे रोग लांडग्या-खोकडांना लागतात. वनखात्यानं धरलं तर मला फोन करू नका.

चुकून सशामागं गेलंच तर काय करू?

मागं पळू नका, ओरडू पण नका, त्याला वाटतं तुम्ही पण सामील आहात. जिथनं सुटलं तिथंच उभे राहा, बहुतेक कुत्री तिथंच परत येतात. आल्यावर मारू नका, दावं लावा, चालवत राहा. लगेच पोटभर पाणी नको, थोडं थोडं द्या. जीभ जांभळी पडली, पाय लटपटायला लागले, लाळ चिकट झाली तर ऊन लागलंय समजा, सावलीत घ्या, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला, गाडी काढा. मग चारी पंजे, प्रत्येक बोट, नखं, छातीखालची चामडी हात फिरवून बघा. त्या वेळी कुत्र्याचं अंग गरम असतं, त्याला दुखणं कळत नाही, लंगडणं दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं.

पिल्लू कितव्या महिन्यापासून पळवू?

एक वर्षाच्या आत जोरात नको. हाडं कच्ची असतात, कडक जमिनीवर सांधे जातात. तोवर मऊ रानात त्याचं त्याला हुंदडू द्या.

तुमच्याकडं पिल्लू मिळेल का?

सध्या नाही. बिजली नऊ वर्षांची झालीय, दिवसभर गोठ्यात झोपून असती. परवा परड्यात ससा आला होता, तिनं मान वर केली, बघितलं, आणि परत झोपली.